हॉकीच्या दुय्यम श्रेणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा

जागतिक क्रमवारीत अग्रभागी असलेल्या मोजक्या राष्ट्रांच्या खालोखाल ज्यांचा क्रम लागतो, अशा राष्ट्रीय संघांसाठी भरविण्यात येणाऱ्या हॉकीच्या स्पर्धा. या स्पर्धांत विजेत्या संघास वरच्या श्रेणीत प्रवेश मिळतो आणि वरच्या श्रेणीत तळाला गेलेला संघ खाली येतो. चढउताराची ही पद्धत, हेच त्यांचे मुख्य वैशिष्ट्य होय. अशा स्पर्धांतील विजेतेपदाला लौकिक कमी असतो. वृत्तपत्रांत त्यांना जागाही थोडीच मिळते. तथापि एखाद्या देशातील खेळाची खरी प्रकृती पाहावयाची असेल, तर ती ऑलिंपिकमधील पदकांपेक्षा या दुय्यम स्पर्धांतून अधिक स्पष्टपणे दिसते. आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारताला या श्रेणीत अनेकदा उतरावे लागले, त्यामुळे भारतीय हॉकीच्या इतिहासात या स्पर्धांचे स्थान केवळ आनुषंगिक राहिलेले नाही.

श्रेणीनिहाय स्पर्धांची कल्पना मूळची बर्फावरील हॉकीची. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने १९६१ पासून आपल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अ, ब, क असे गट पाडून गटागटांमध्ये चढउताराची पद्धत रूढ केली. कॅनडा, सोव्हिएट रशिया, चेकोस्लोव्हाकिया व स्वीडन यांच्याशी नवशिक्या देशांची गाठ पडली, की वीस-वीस गोलांच्या फरकाने सामने निकालात निघत. त्यात ना विजेत्याचे भूषण होते, ना पराभूताचे शिक्षण. गट पाडल्यामुळे समबल संघ एकमेकांसमोर आले. याच महासंघाने पुढे चाकांच्या हॉकीलाही ही पद्धत लावली. ज्या बुटांच्या तळाशी चाके एका ओळीत बसविलेली असतात, ते बूट घालून टणक, गुळगुळीत पृष्ठभागावर खेळावयाच्या या प्रकारास इनलाइन हॉकी म्हणतात. प्रत्येक बाजूस चार खेळाडू व एक गोलरक्षक असतो आणि चेंडूऐवजी चकती वापरतात. चार चाके दोन जोड्यांत असलेले बूट आणि चेंडू वापरून खेळली जाणारी रोलर हॉकी ही याहून वेगळी व जुनी; १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक स्वरूपात खेळली गेली होती.

इनलाइन हॉकीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आइस हॉकी महासंघाने १९९६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात भरविली व यजमानांनीच ती जिंकली. पुढे तीत दोन श्रेणी करण्यात आल्या. वरच्या श्रेणीत अमेरिका, कॅनडा, स्वीडन, फिनलंड, चेक प्रजासत्ताक यांसारखे आठ संघ व ‘पहिला विभाग’ या काहीशा फसव्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खालच्या श्रेणीत आठ संघ असत. ग्रेट ब्रिटन, क्रोएशिया, जपान, ऑस्ट्रेलिया, आर्जेंटिना या देशांचे संघ या खालच्या श्रेणीत खेळले. दोन्ही श्रेण्यांचे सामने एकाच गावी भरत. त्यामुळे खालच्या श्रेणीतील खेळाडूंना वरच्या श्रेणीचा खेळ जवळून पाहावयास मिळे. २०१७ मध्ये ब्राटिस्लाव्हा येथे भरलेली स्पर्धा ही या मालिकेतील शेवटची ठरली. २०१९ मध्ये आइस हॉकी महासंघाने इनलाइन हॉकीची जबाबदारी सोडली आणि या खेळाचे नियमन जागतिक स्केटिंग संघटनेकडे राहिले. भारतात चाकांवरील खेळ मुख्यतः शहरांत वाढले. २०२३ मध्ये हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय पुरुष व महिला संघांनी वेगवान स्केटिंगच्या ३,००० मी. सांघिक शर्यतींत कांस्यपदके मिळविली. चाकांवरील हॉकीत मात्र भारताला अशी मजल मारता आलेली नाही.

मैदानी हॉकीत श्रेणीची कल्पना बरीच उशिरा आली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ १९२४ मध्ये स्थापन झाला. विश्वचषक स्पर्धा १९७१ मध्ये बार्सेलोना येथे सुरू झाली. विश्वचषकात ज्यांना थेट प्रवेश मिळत नसे, त्यांच्यासाठी १९७७ पासून आंतरखंडीय चषकाची पात्रता स्पर्धा ठेवण्यात आली. पण ती केवळ प्रवेशद्वार होती, श्रेणी नव्हे. खरी वरची श्रेणी निर्माण झाली ती चँपियन्स ट्रॉफीमुळे. पाकिस्तानचे एअर मार्शल नूर खान यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये लाहोर येथे सुरू झालेली ही स्पर्धा निवडक संघांपुरतीच मर्यादित होती. विश्वचषक चार वर्षांतून एकदा, तर ही जवळजवळ दरवर्षी भरे. त्यामुळे जे संघ तीत खेळत त्यांना उच्च दर्जाच्या सामन्यांचा सराव सतत मिळे आणि जे बाहेर राहत ते मागेच पडत जात. ही दरी बुजविण्यासाठी २००१ मध्ये महासंघाने ‘चँपियन्स चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू केली. सुरुवातीस तीत सहा संघ असत, २००९ पासून आठ. विजेत्या संघास पुढील चँपियन्स ट्रॉफीत स्थान मिळे. २००९ मध्ये तिच्याही खाली दुसरी चॅलेंज स्पर्धा सुरू करण्यात येऊन तीन पायऱ्यांची शिडी पूर्ण झाली.

पहिल्याच चँपियन्स चॅलेंजमध्ये भारताचे नाव असावे, ही गोष्ट १९५० च्या दशकातील कोणत्याही हॉकीप्रेमी माणसास अविश्वसनीय वाटली असती. १९२८ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले होते. त्यानंतर १९६४ व १९८० मध्ये त्यात दोन पदकांची भर पडली. १९७५ मध्ये क्वालालुंपुर येथे विश्वचषकही जिंकला. मात्र १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. गवतावर चेंडूची उसळी व वेग अनिश्चित असतो, तेथे मनगटाची नजाकत कामी येते. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ व वेगाने धावतो, तेथे लांब पल्ल्याचे फटके, धावण्याचा दम व पेनल्टी कॉर्नरचे कसब यांना महत्त्व येते. युरोपीय देशांनी अशी मैदाने शाळा-क्लबांपर्यंत पोहोचविली. भारतात ती बोटांवर मोजण्याइतकी राहिली व बहुसंख्य मुले गवतावर किंवा मातीवर शिकून एकदम राष्ट्रीय शिबिरात कृत्रिम पृष्ठभागाला सामोरी जात. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून झालेला १–७ असा पराभव आणि १९८६ च्या लंडन विश्वचषकातील बारावा, म्हणजे शेवटचा क्रमांक, या घटनांनी हे वास्तव उघडे केले. असे असले, तरी सर्व दोष पृष्ठभागावर टाकणे योग्य नाही. प्रशिक्षकांची वारंवार उचलबांगडी व संघटनेतील दुफळी यांचाही वाटा मोठा होता आणि तो पैशाच्या अडचणीने समर्थनीय ठरत नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. दख्खनमध्ये हॉकी आली ती लष्करी छावण्या, रेल्वे, पोलीस दल व मिशनरी शाळा यांच्या मार्गाने. मुंबईतील आगाखान चषक स्पर्धा १८९६ मध्ये सुरू झाली. कलकत्त्याच्या बायटन चषकाहून (१८९५) ती एकाच वर्षाने धाकटी. मुंबईतील गोवेकर व इतर ख्रिस्ती कुटुंबांतून अनेक खेळाडू पुढे आले. १९४८ च्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो, १९८० च्या सुवर्णपदक संघातील व पुढे १९८८ चे कर्णधार एम. एम. सोमय्या, ज्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९८२ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळविले त्या एलायझा नेल्सन, ही नावे महाराष्ट्राशी निगडित आहेत. पुण्याजवळील खडकी या छावणीच्या गावी जन्मलेले धनराज पिल्ले (१९६८– ) हे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक खेळले. त्यांच्या कर्णधारपदाखाली १९९८ मध्ये बँकॉक येथे भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. छावणी नसलेल्या बार्शीसारख्या व्यापारी गावांत मात्र कुस्ती, खो-खो, हुतुतू हेच मैदानी खेळ रुजले. हॉकीची काठी तेथील शाळांतून क्वचितच दिसे. खेळाचा पाया किती अरुंद होता, याची कल्पना यावरून यावी. ऑलिंपिक संघ घडविणारी वस्ती ही काही छावण्या, काही मोहल्ले व काही जिल्हे एवढीच होती आणि तिच्या बाहेर खेळ गेला नाही.

पहिली चँपियन्स चॅलेंज स्पर्धा डिसेंबर २००१ मध्ये क्वालालुंपुर येथे झाली. तिच्या दोनच महिने अगोदर भारताच्या कुमार संघाने होबार्ट येथे अर्जेंटिनाला ६–१ असे हरवून कुमार विश्वचषक जिंकला होता. त्यामुळे वातावरण आशादायक होते. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून भारताने विजेतेपद मिळविले आणि २००२ च्या कोलोन येथील चँपियन्स ट्रॉफीत प्रवेश केला. त्या वर्षीच्या विश्वचषकात भारत दहावा आला, पण कोलोनला आणि त्यानंतरच्या दोन्ही चँपियन्स ट्रॉफी स्पर्धांत तो चौथा राहिला. दुय्यम श्रेणीतून वर येण्याचा लाभ काय, हे यावरून दिसते. १९९६ नंतर या स्पर्धेबाहेर राहिलेल्या संघाला सलग तीन वर्षे जगातील उत्तम संघांशी खेळावयास मिळाले.

ही संधी टिकली नाही. २००६ च्या चँपियन्स ट्रॉफीत भारत नव्हता. त्याच वर्षी विश्वचषकात बारा संघांत अकरावा क्रमांक आणि दोहा आशियाई स्पर्धेत प्रथमच पदकाविना परतणे, असे दोन आघात झाले. २००७ मध्ये मुंबईचे माजी ऑलिंपिक खेळाडू जोआकिम कार्व्हालो यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपविण्यात आले. जून २००७ मध्ये बेल्जियममधील बूम येथे चँपियन्स चॅलेंज झाली. या वेळी विजेतेपद अर्जेंटिनाने मिळविले, न्यूझीलंड दुसरा व भारत तिसरा आला. म्हणजे दुय्यम श्रेणीतूनही वर जाता आले नाही. सप्टेंबरमध्ये चेन्नई येथे भारताने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ७–२ असे नमविले, तेव्हा बूमचा इशारा विसरला गेला. पण आशिया चषक जिंकून ऑलिंपिकचे दार उघडत नव्हते. दोहा येथेच ते बंद झाले होते.

बीजिंग ऑलिंपिकसाठी उरलेल्या तीन जागा तीन पात्रता स्पर्धांतून भरावयाच्या होत्या आणि प्रत्येकीतून केवळ विजेताच जाणार होता. भारताच्या वाट्याला चिलीची राजधानी सांत्यागो आली. ९ मार्च २००८ रोजी अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनने भारताला २–० असे हरविले. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळलेला भारतीय हॉकी संघ ऐंशी वर्षांत प्रथमच त्या स्पर्धेबाहेर राहिला. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात भारतीय ऑलिंपिक संघटनेने हॉकी महासंघावर कारवाई करून त्याचा कारभार हंगामी समितीकडे दिला. या प्रसंगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. २००६ चा विश्वविजेता जर्मनी हासुद्धा त्या वेळी थेट पात्र ठरला नव्हता. तोही जपानमधील काकामिगाहारा येथील पात्रता स्पर्धा खेळला, ती जिंकला आणि बीजिंगला सुवर्णपदक घेऊन गेला. मागच्या दाराने आत येण्यात कमीपणा नव्हता. फरक होता तो जिंकावयास लावणाऱ्या तयारीत. आणि बूम येथील तिसरा क्रमांक सांत्यागोच्या नऊ महिने आधी ती तयारी अपुरी असल्याचे सांगत होता.

डिसेंबर २००९ मध्ये अर्जेंटिनातील साल्टा येथे होझे ब्रासा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली भारत पुन्हा या स्पर्धेत खेळला व पुन्हा तिसरा आला. पाकिस्तानला हरवून न्यूझीलंडने विजेतेपद घेतले. एके काळी ऑलिंपिकची अंतिम झुंज ज्यांच्यात होई, ते भारत व पाकिस्तान दोघेही या वेळी दुय्यम श्रेणीत होते. २०११ मधील प्रसंग मात्र खेळापेक्षा कारभाराशी निगडित आहे. त्या वर्षीची चँपियन्स ट्रॉफी दिल्लीस भरावयाची होती आणि यजमान म्हणून भारताचे स्थान निश्चित होते. देशात हॉकीच्या दोन प्रतिस्पर्धी संघटना अधिकारासाठी भांडत राहिल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने स्पर्धा काढून घेऊन ऑक्लंडला दिली आणि भारताची रवानगी जोहान्सबर्ग येथील चँपियन्स चॅलेंजमध्ये केली. मैदानावर एकही सामना न हरता एक श्रेणी खाली जाण्याचा हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. खेळाडूंनी अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, पण तेथे बेल्जियमने ४–३ अशी बाजी मारली.

हा सामना आज वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा लागतो. जोहान्सबर्गच्या विजयाने बेल्जियम चँपियन्स ट्रॉफीत आला. त्यानंतर त्याने २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक, २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे विश्वचषक आणि टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. बूमचा विजेता अर्जेंटिना रीओला सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. म्हणजे सुमारे दहा वर्षांच्या अवधीत दुय्यम श्रेणीतील दोन विजेते जगाच्या अग्रभागी पोहोचले. या देशांनी वरच्या श्रेणीत पाऊल ठेवल्यावर कुमारवयीन खेळाडूंची एकच पिढी, तीच पद्धत, दीर्घकाळ सांभाळली. भारताने तेच स्थान २००१ मध्ये मिळविले होते. २००२ च्या विश्वचषकात तर स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक बदलण्यात आला. शिडी सर्वांसाठी सारखीच होती.

२०१४ नंतर चँपियन्स चॅलेंज भरली नाही व २०१८ च्या ब्रेडा येथील स्पर्धेनंतर चँपियन्स ट्रॉफीही बंद झाली. मधल्या काळात ‘वर्ल्ड लीग’ ही सर्व देशांना खुली असलेली, फेऱ्याफेऱ्यांची स्पर्धा होती. २०१९ मध्ये ‘प्रो लीग’ सुरू झाली, तेव्हा भारताने पहिल्या हंगामातून माघार घेतली आणि साहजिकच त्याला खालच्या ‘हॉकी सिरीज’मध्ये खेळावे लागले. जून २०१९ मध्ये भुवनेश्वर येथे पुरुषांनी दक्षिण आफ्रिकेस ५–१ असे, तर हिरोशिमा येथे महिलांनी जपानला ३–१ असे हरवून आपापल्या अंतिम फेऱ्या जिंकल्या. या विजयांमुळे दोन्ही संघांना ऑलिंपिक पात्रतेचे सामने मिळाले. नोव्हेंबरमध्ये भुवनेश्वर येथेच पुरुषांनी रशियाला सहज हरविले. महिलांची लढत मात्र निकराची झाली. पहिल्या दिवशी अमेरिकेवर ५–१ असा विजय, दुसऱ्या दिवशी १–४ असा पराभव आणि एकूण ६–५ अशा गोलसंख्येने टोकिओची वाट मोकळी. एका गोलाने मिळालेल्या या पात्रतेचे फळ म्हणजे २०२१ मध्ये टोकिओ येथे महिलांचा चौथा क्रमांक. पुरुषांनी तेथे जर्मनीस ५–४ असे हरवून एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळविले व २०२४ मध्ये पॅरिस येथे पुन्हा कांस्यपदक राखले.

सांप्रतची दुय्यम श्रेणी म्हणजे ‘नेशन्स कप’. तिची पहिली महिला स्पर्धा डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आठ संघांत झाली. गोलरक्षक सविता पुनिया यांच्या नेतृत्वाखाली भारताने गटातील तिन्ही सामने जिंकले, उपांत्य सामन्यात आयर्लंडला बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये नमविले आणि अंतिम सामन्यात गुरजित कौर यांच्या एकमेव गोलाने यजमान स्पेनला हरविले. त्यायोगे २०२३–२४ च्या प्रो लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्याच वर्षी पुरुषांची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे होऊन यजमान संघ विजयी झाला. भारतीय पुरुष संघ वरच्या श्रेणीत असल्याने तीत नव्हता. २०२३ मधील हांगजो आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक विजेत्या महिला संघात सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके यांचा समावेश होता. छावणी वा रेल्वे वसाहत यांचा आधार नसलेल्या शेतकरी गावातून खेळाडू येऊ लागल्याचे हे उदाहरण, संख्येने अल्प असले तरी, नोंद घेण्याजोगे आहे.

व्हॅलेन्सियाने मिळवून दिलेले स्थान फार काळ टिकले नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथील पात्रता स्पर्धेत जपानकडून ०–१ असा पराभव होऊन महिला संघ पॅरिस ऑलिंपिकला मुकला, आणि जून २०२५ मध्ये संपलेल्या २०२४–२५ च्या प्रो लीगमध्ये नऊ संघांत तळाला राहिल्यामुळे तो पुन्हा नेशन्स कपच्या श्रेणीत आला.